हाताला गुण नाही

सर, काल तुमच्या प्रयोगशाळेतून फोन आला होता. माझ्या मागून आलेली मुलगी आता तुमच्या खुर्चीवर बसते. हल्ली शोधनिबंध छापायचा तर पेशी कुठल्या याचा दाखला लागतो, म्हणून तिने आपल्या जुन्या पेशी तपासून घेतल्या. माकडाच्या मूत्रपिंडाच्या समजून ज्यांच्यावर आपण विषाणू वाढवत होतो, त्या माकडाच्या नाहीतच. शेजारच्या बाटलीतल्या, माणसाच्या कर्करोगाच्या आहेत. "ताई, तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात ना?" तिने विचारलं. हो, म्हणाले होते.

त्या पेशी तुम्ही मला स्वतःच्या हाताने दिल्यात तो दिवस आठवतो. परदेशातून येताना विमानात गार पडू नयेत म्हणून शर्टाच्या आत, छातीशी धरून आणल्या होत्या, हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकावं लागायचं. मग विरजणासारख्या त्या एकाकडून दुसऱ्याकडे जायच्या. सदाशिव पेठेतल्या खोलीवर मी त्या दिवशी पेढे वाटले. पेशींचं खाद्य परदेशातून यायचं, सही-शिक्क्यांत अडकायचं, म्हणून ते पुरवून वापरायचा तुमचा दंडक होता: दोन्ही जातींच्या पेशींना एकाच बाटलीतून. मी म्हणते, सर, एखादा थेंब इकडचा तिकडे गेला तर? कर्करोगाच्या पेशी दुसऱ्यांना जागाच ठेवणार नाहीत. तुम्ही चष्म्यावरून बघता. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही इथे झोपा काढत होतो."

पुढे माझा विषाणू वाढेनासा झाला. पेशी मात्र बाटलीत मावेनात. तपासायला पाठवू या का, असं मी भीत भीत विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "आपण घरी गेल्यावर आईकडे ओळखपत्र मागता का?" सगळे हसले. मीही हसले, याचाच आज जास्त संताप येतो. आणि मग चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, "काहींच्या हाताला गुणच नसतो हो. त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावावा. सगळं पुणं लावतंय."

लावला. प्रबंध अर्धा टाकून गेले. तेव्हा कंपन्या माणसं शोधतच होत्या. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायची नोकरी मिळाली, वाघोलीत फ्लॅट झाला, नातेवाइकांच्या मते सोनं झालं. तिथे चूक दाखवली की लोक चिडतात, पण तपासतात तरी. घरी मात्र साधं दही लागलं नाही की मी आपल्या हातांकडे बघत बसायचे. तुमचं वाक्य माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं.

काल फोन ठेवता ठेवता ती सहज म्हणाली, "तुम्ही गेल्यावर लगेच सरांनी खाद्याच्या बाटल्या वेगळ्या करायला लावल्या. का, ते काही बोलले नाहीत." म्हणजे तुम्हाला कळलं होतं, सर. निवृत्तीच्या समारंभात सत्काराची शाल घेताना तुम्हाला ठाऊक होतं, आणि मी तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होते. तुम्ही गेलात तेव्हाही वैकुंठ स्मशानभूमीत येऊन हात जोडले. त्याच हातांनी.

हे कुठल्या पत्त्यावर टाकणार? टाकायचंही नाही. एकच गोष्ट, जी मी घरातही कधी बोलले नाही. नोकरी लागल्यावर पहिली कितीतरी वर्षं मी फोनचा नंबर बदलला नाही. तुम्ही नुसतं "चुकलं" म्हणाला असतात, तर मी दुसऱ्या दिवशी परत आले असते.