पाण्यावरची तेलाची रेघ

१२ जानेवारी १९३२. काशीद.
सुपारी सोलत बसलो होतो, तर पोस्टमन दारात. बोट सोडल्याला दहा वर्षं झाली, मला कोण पत्र लिहिणार? मुंबईच्या कंपनीच्या हापिसाने पुढे धाडलेलं, आत विलायतेचं पाकीट. हापिसाला मी अजून जिवंत वाटतो हेच विशेष.

मजकूर इंग्रजी. बावीस वर्षं बोटीवर काढली, इंग्रजी कानाला कळतं, डोळ्यांना नाही. पण सही ओळखली. चौदा सालच्या लढाईत आमच्या मायबोटीवर, म्हणजे पाणबुड्या सांभाळणाऱ्या मोठ्या बोटीवर, दोन नंबरचे ऑफिसर होते ते. आम्ही खलाशी त्यांना धाकटे साहेब म्हणायचो.

ही म्हणाली, "घाबरलात कशाला? कागूदच हाय ना?"

घाबरलो नाही म्हटलं. सुपारी मात्र तशीच राहिली.

१३ जाने.
शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. धाकटे साहेब (धा. सा.) रिटायर होऊन घरी बसलेत आणि पाणबुडीचा लढाईतला इतिहास लिहितायत. आमच्या मायबोटीच्या कुशीला चार पाणबुड्या बांधलेल्या असायच्या, त्यातली जी परत आली नाही तिचा. विकायला नाही, तिच्यावरच्या माणसांच्या घरी वाटायला. ती कधी आली, किती फेऱ्या केल्या, काय मोडलं, काय दुरुस्त केलं, आठवेल ते कळव म्हणतात. आणि शेवटचा प्रश्न: 'त्या सकाळी तिचा दोर तू सोडलास. तिला सगळ्यात शेवटी जवळून बघणारा तूच. काही वावगं दिसलं होतं का?'

मास्तर खूश. "तात्या, विलायतेच्या इतिहासात तुमचं नाव येणार!"

बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१६ जाने.
आठवून काढतोय. आठवायला काही कष्ट नाहीत, विसरायलाच पडले.

ग्रीक लोकांच्या बेटाचं बंदर. उघडे डोंगर, झाड औषधाला नाही. ती थंडीत आली. पहिल्यांदा बघून आम्ही हसलो होतो, ही कसली बोट, वर नुसतं पिंप. मी तांडेल, माझ्या हाताखाली अकरा खलाशी. दोर, माल उचलायची यारी, पाणी, पाव पोचवणं, त्यांचे तेलकट कपडे धुणं, सगळं आमच्याकडे.

फेरी पहिली: आठ दिवस, काही न करता परत.
दुसरी: कोळशाचं जहाज बुडवलं. परतल्यावर त्यांनी गाणी म्हटली, आम्हाला बिस्किटं वाटली.
तिसरी: शत्रूच्या जाळ्यात अडकून दिवसभर तळाशी. वर आली तेव्हा माणसं धुतलेल्या फडक्यासारखी. मी कठड्यावरून डोकी मोजली. सगळी होती.
चौथी: दोन माणसं कुठल्याशा किनाऱ्यावर सोडून आली. कोण ते विचारायचं नाही.
पाचवी.

१७ जाने.
काल पाचवीपाशी लेखणी थांबली ती थांबलीच. आज तारेवाल्याबद्दल लिहितो. तिच्यावरचा बिनतारी यंत्रवाला, चोवीस-पंचवीसचा, तांबड्या केसांचा. आम्ही त्याला तांबडा म्हणायचो. बंदरात असला की जेवायला हटकून आमच्या भंडाऱ्याकडे, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याकडे. भात, आमटी, वर सुकट. घाम पुसत खायचा आणि 'आणकी' म्हणायचा. आणखी एवढा एकच मराठी शब्द शिकला, तेवढ्यावर त्याचं भागलं. आमचा भंडारी म्हणायचा, हा काशीदला जन्मायचा तो चुकून तिकडे जन्मला.

२० जाने.
नांदगावला चालत गेलो. हसन सुकाणी भेटला. तो त्या वेळी मायबोटीवर माझ्याबरोबर होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण आवाजावरून त्याने मला ओळखलं. चहा, नानखटाई. पत्राचं सांगितलं. मग विचारलं, त्या सकाळी पाणबुडीच्या मागे तेल होतं का?

"गोविंद, मी वर बोटीच्या पुलावर होतो. माझी नजर सुकाणूवर. आणि तेल कंच्या बोटीच्या मागं नसतं रं? सुरुंग लागला तिला. अल्लाची मर्जी."

तेल मागे नव्हतं, कुशीतून येत होतं, म्हटलं.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पंधरा वर्सांनी इचारतोस व्हय!"



२३ जाने.
आज सांगितलं. मास्तर लिहीत होते, मी बोलत होतो. आईची शपथ, हिलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

मास्तर घाटावरचे, त्यांना रीत माहीत नाही, ती आधी समजवावी लागली. आमच्याकडे दोर सुटलेल्या होडीला मागून हाक मारत नाहीत. जेवणाचा डबा घरी राहिला तर माणूस उपाशी जातो, पण हाक नाही. माझ्या बापाने कधी मारली नाही, मी मारली नाही.

त्या सकाळी समुद्र ताटासारखा सपाट. मी दोर सोडला. तांबडा वर उभा होता, त्याने हात केला. ती दोन होड्यांच्या अंतरावर गेली आणि मला पाण्यावर चकाकी दिसली. बोटीचं नेहमीचं तेल मागच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी पसरतं. हे डाव्या कुशीतून येत होतं. अखंड, दोऱ्यासारखं. तारली मासळीचा थवा खाली असला की वर तेल तरंगतं, ते बघून आम्ही जाळं टाकतो. ही चकाकी ओळखायला आम्हाला लहानपणीच शिकवतात. वर काय दिसतं ते खालच्या मासळीला कळत नाही, वरच्याला कळतं. पाणबुडी पाण्याखाली गेली तरी ही रेघ वर राहणार, आणि शत्रूची विमानं वर. एवढं मला तिथल्या तिथे कळलं. तोंड उघडलं. पण दोर सुटला होता. तोंड मिटलं.

मास्तर म्हणाले, "रीतच तशी, तात्या. तुमचा काय दोष?"

मी म्हटलं, पुढचं ऐका. हाक न मारणं रीत होती. पण धाकटे साहेब माझ्यापासून वीस पावलांवर उभे होते. त्यांना सांगायला कुठली रीत आड येत होती? त्यांनी निशाण दाखवून तिला परत फिरवली असती. पण साहेब विचारणार, दिसल्याबरोबर हाक का नाही मारलीस? खलाशाच्या रीतीला साहेब हसणार, वर तांडेलकी जाणार. दुपारी सांगू म्हटलं. दुपारचं उद्यावर गेलं. ती बाराव्या दिवशी यायची होती. बारा दिवस मी रोज ठरवलं आणि रोज गप्प बसलो. तेराव्या दिवशी सांगून उपयोग नव्हता.

मास्तरांचा टाक थांबला होता. लिहा म्हटलं. त्यांनी लिहिलं. मग इंग्रजी कागद हातात धरून मला मराठीत वाचून दाखवलं. सगळं होतं. एक शब्द सुटला नव्हता. सही मी मराठीत केली.

२५ जाने.
पत्र गेलं. बरं वाटतंय म्हणणं बरोबर नाही. पण दुपारी झोप लागली.

२१ मार्च
उद्या होळी. मुंबईची पोरं आलीत, गावात दंगा. चावडीवर माझी थट्टा, "तात्याचं नाव आता राणीच्या वाड्यात!" राणी कधीच गेली, राजा आहे, हे यांना कोण सांगणार. हसलो मीही. धा. सां.चं उत्तर अजून नाही. शिव्या येतील तर त्याही घेईन. खरं सांगितलंय, आता तिकडून काय येईल ते येवो.

११ मे
जाडं पाकीट आलं. टंकलेले कागद, शिवलेले, आणि आत वेगळं एक पत्र, थरथरत्या अक्षरातलं. धा. सां.ची दोन ओळींची चिठ्ठी: आभारी आहे, पत्र तारेवाल्याच्या आईचं, तुला पोचवायला दिलंय.

मास्तर वाचायला बसले. बाईंनी लिहिलंय (मास्तर सांगत गेले तसं): पंधरा वर्षं मी डोळे मिटले की वाईटच बघत होते. आता तुमच्यामुळे कळलं की सकाळ शांत होती, माझा मुलगा वर उभा होता, त्याने तुम्हाला हात केला, आणि तुम्हाला काहीही वावगं

इथे मास्तर अडखळले.

पुढे वाचा म्हटलं. त्यांना खोकला आला. खोकला खोटा होता. मी म्हटलं, मास्तर, इतिहासातलं माझं पान आधी वाचा.

"'दोर सोडणारा तांडेल गोविंद लिहितो की समुद्र सपाट होता आणि बोटीत काहीही वावगं दिसलं नाही.'"

मी असं सांगितलं होतं का?

"नाही."

मग कुणी लिहिलं?

मास्तर उठून उभे राहिले, वर्गात पोरं राहतात तसे. "मी, तात्या. मला वाटलं चौकशी होईल, या वयात तुम्हाला बोलावतील. आणि ते सगळ्या आया वाचणार होत्या. माझ्याच्याने लिहवेना."

म्हणजे जानेवारीत कागद हातात धरून मला जे वाचून दाखवलं ते कागदावर नव्हतंच. माझंच बोलणं मला परत ऐकवलं.

१२ मे
मास्तर दोनदा दाराशी येऊन गेले. मी वाडीत नारळाला पाणी घालत होतो, तिथेच राहिलो.

राग आहेच. पण काल 'काहीही वावगं दिसलं नाही' ऐकलं तेव्हा आधी राग नव्हता आला. आधी वाटलं, सुटलो. राग त्यानंतर आला. याची मला लाज वाटते, आणि ही लाज मास्तरांच्या नावावर टाकता येत नाही.

१५ मे
पत्राचा शेवट त्या दिवशी ऐकायचाच राहिला होता. आज मास्तरांना बोलावून ऐकला. बाई ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या ओळी मी उशाशी ठेवते म्हणतात. आणि मग: 'कागदावर लिहिलंत त्याहून वेगळं, त्या सकाळचं आणखी काही तुम्हाला आठवत असेल, कसंही असो, तर मला कळवाल का? वाट पाहते.'

मास्तर हळूच म्हणाले, "तो चांगला जेवायचा, ते लिहू की."

ते लिहूच म्हटलं.

१७ मे
हिला सांगितलं. ही मासे साफ करत होती. सगळं ऐकून घेतलं, हात थांबवला नाही. रीतीचं सांगितलं तेव्हा मान हलवली. हिचा बाप, भाऊ, सगळे मचव्यावरचे, हिला त्यात नवल नाही. साहेबांना सांगितलं नाही इथे आलो तेव्हा विळी बाजूला केली.

"बारा दिस?"

हो.

"रोज त्या सायबाच्या समोर उभं ऱ्हायचात?"

रोज.

जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

१९ मे
मनात दोन वकील भांडतायत आणि दोघेही माझंच खातात. एक म्हणतो, म्हातारीला चार दिवस सुखाने झोपू दे, तेल होतं म्हणूनच ती बुडाली कशावरून, हसनही सुरुंगच म्हणतो. दुसरा म्हणतो, ही दया तिच्यावर की तुझ्यावर? पहिला जास्त गोड बोलतो, म्हणून त्याचा संशय येतो.

तांबड्याने हात केला होता हे खरं आहे. त्यात खोटं नाही. मीही हात केला. एका हाताने त्याला निरोप दिला आणि डोळे पाण्यावर. त्याने मागे वळून पाण्याकडे बघितलं असतं तर त्यालाही दिसलं असतं. पण तो माझ्याकडे बघत होता.

२१ मे
हिने आज समोर बसून जेवण केलं. पत्राचा विषय नाही. घरावर झावळ्या घालायला माणूस सांगायला हवा, एवढंच.

२२ मे
रेवदंड्याची आगबोट परवा. पावसाळ्याआधीची शेवटची. मास्तरही सुट्टीला त्याच बोटीने जाणार, ते परत येईपर्यंत गावात इंग्रजी नाही. राग धरून चालत नाही. बोलावलं.

पहिलं पान झालं. तांबडा भात कसा खायचा, 'आणकी' कसं म्हणायचा, भंडारी त्याला काशीदचा म्हणायचा. ऊन होतं, डोक्यावर टोपी नव्हती, हात केला. या वेळी मास्तरांनी एकेक ओळ लिहून झाली की इंग्रजीतच मोठ्याने वाचली. कानाला कळतं मला. शब्द बरोबर होते.

मग त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि माझ्याकडे बघत राहिले. घाई केली नाही, सुचवलं नाही. मी म्हटलं, उरलेलं उद्या.

मास्तर गेल्यावर ही आतून म्हणाली, "त्या बायला समदं ठीक वाटलं असतं, तर तिनं परत इचारलंच नसतं."

मी एक कोरा कागद काढून पहिल्या पानाखाली ठेवला. मास्तर उद्या सकाळी लवकर येतो म्हणालेत.