माळ्याची शिडी

प्रिय महेशअण्णा,

पाहुणी आपल्या शेतातल्या माळ्याच्या शिडीवरून पडली, तर चूक कुणाची? तिची, बाबांची, की त्या माळ्याचा फोटो दाखवून तिला बोलावणाऱ्या आपली? पदवी घेऊनही मला याचं उत्तर देता येत नाही.

तुला ठाऊकच आहे, भात पोटरीला आलं, लोंबी धरू लागलं की ते रानडुकरांपासून राखायला बाबा शेतात नवा माळा, उंच मचाण बांधतात. खिळा मारत नाहीत, वेलींनीच बांधतात, आणि तेही स्वतःच्या वजनाला. पुण्याच्या अंकिताताई होमस्टेला आल्या होत्या. त्यांनी वर चढू का विचारलं. मी नको म्हणणार, तोवर बाबा म्हणाले, "चढा की. दारात आलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणायचं?" शिडीची वरची काठी सुटली. पाय चांगलाच मुरगळला, त्या लंगडत गेल्या.

हे मी फोनवर फक्त तुला सांगितलं. तरी दुसऱ्या सकाळी रामनगरहून गुरुदास हजर, तू ज्याच्याकडून आपला विमा काढलास तोच. चहालाही न थांबता म्हणाला, "काका, कुणी विचारलं तर बाई न सांगता चढली म्हणायचं."  बाबा म्हणाले, "पर चढा म्हणून मीच म्हणलो न्हवं."

पाहुण्याला लागलं तर विमा खर्च देतो ना, असं मी त्याला विचारलं. "सगळं येतंय त्यात. तू तर शिकलेली," म्हणून हसला. ते हसू मला खटकलं. मी विमा कंपनीलाच फोन केला. आपल्या विम्यात आग आणि चोरी येते. पाहुण्याला इजा झाल्यास यजमानाची जबाबदारी उचलणारा विमा वेगळा असतो. तो आपण काढलेलाच नाही. पण बुकिंगच्या ॲपवर तो आहे असं लिहिलंय, आणि तिथला पासवर्ड तुझ्याकडेच असतो.

अण्णा, गुरुदासने तुला फसवलं, की तुला माहीत होतं? मनात हे ठेवून फोनवर तुझ्याशी हसून बोलणं मला जमेना, म्हणून लिहिते आहे. शनिवारची माणसं पाठवू नकोस. ॲपवाल्यांना खरं कळवून आपलं पान मी बंद करायला लावलं. अंकिताताईंनाही कळवलं, की चढायला आम्हीच सांगितलं, विमा नाही, औषधपाणी आमच्याकडे. तेव्हा बाबा शेजारीच बसले होते. मग आम्ही दोघांनी शिडीच्या वेली सोडल्या आणि काठ्या चुलीपाशी आणून टाकल्या.

तुझीच,
तारा