बाईने मान दिली तरच

ब्वेनोस आयरेस
१५ मार्च १९९३

चि. ओरास्यो यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण त्यावरून बोलू नकोस. नाताळच्या शुभेच्छा फेब्रुवारीत पाठवणाऱ्या धाकट्या भावाला तो हक्क नाही. माझं गुडघा सोडून सगळं बरं आहे. पापांची तब्येत माझ्याहून ठणठणीत आहे, आणि लिहायला बसले ती त्यांच्याचसाठी.

आईला जाऊन अजून वर्ष झालं नाही. पापा दर रविवारी दुपारी केस चापून, बूट घासूनपुसून बागेतल्या चौथऱ्यावर टँगो नाचायला जातात. ते मी कधी अडवलं नाही. आई होती तोवर दोघं तिथेच नाचायची. सातुर्निनो अजूनही फुलवाल्याच्या टपरीतून वायर ओढून टेपरेकॉर्डर लावतो आणि ज्याला वाटेल तो उठतो. पण शनिवारी बेकरीत बेबाने मला बाजूला घेतलं. तीच, आईची मैत्रीण, जी लाल बुटांशिवाय घराबाहेर पडत नाही. म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस पोरी, पण अन्सेल्मोला जरा आवर. बाई भलतीकडे बघत असते, तिने मानही हलवलेली नसते, आणि हा उठून तिच्यापुढे हात करून उभा. परवा तर एकीचा नवरा शेजारीच बसला होता.

आपल्याला जेवताना हे कोणी शिकवलं होतं, आठवतं ना? पुरुषाने बसल्या जागेवरून बघायचं आणि मान जराशी हलवायची. बाईने मान दिली तरच उठायचं. तिने नजर फिरवली तर काही घडलंच नाही, कोणाची शोभा नाही. खुर्चीपाशी जाऊन विचारतो तो भिकारी, असं पापाच म्हणायचे. आता गावभर त्यांचीच शोभा चालली आहे आणि बेकरीत तोंड मला दाखवावं लागतं. काय करू ते कळव.

डेल्याला आणि मुलींना आठवण सांग. लोभ आहे हे मला ठाऊक आहे, पण अधूनमधून तो कागदावरही उतरू दे.

तुझी,
एल्सिरा


नेउकेन
२७ मार्च १९९३

ती. एल्सिरा हिस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग डेल्याने डोळे वटारले म्हणून गंभीर झालो. यालाच म्हातारचळ म्हणतात. बस चालवताना आरशातून बायका बघण्यात ज्याची हयात गेली, त्याला पेन्शनीत काय देवपूजा सुचणार? जित्याची खोड आहे ती.

पण चेष्टा पुरे. बेबाच्या सांगण्यावर जाऊ नकोस, ती राईचा पर्वत करते. एका रविवारी न सांगता स्वतः जाऊन बघ. खरंच तसं असेल तर स्पष्ट बोल. तू फार गोड बोलतेस, त्यांना कडक बोललेलंच कळतं. आणि नाहीच ऐकलं तर इकडे पाठवून दे. इथे नाचायला चौथरा नाही आणि वारा असा की टोपी सांभाळण्यातच दिवस जातो.

माझ्याकडून काही लागलं तर संकोच करू नकोस. लोभ तुझ्याकडून जास्त, माझ्याकडून थोडा, ही लहानपणापासूनची रीत चालू ठेवावी.

तुझा,
ओरास्यो


ब्वेनोस आयरेस
१९ एप्रिल १९९३

चि. ओरास्यो, अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. काल गेले. गार होतं आणि माझा कोट धुवायला टाकलेला, म्हणून आईचा निळा कोट घातला आणि चौथऱ्याच्या अलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले. पापा समोरच्या बाजूला होते. बराच वेळ ते माझ्याकडे रोखून बघत राहिले आणि मग, मला अगदी नीट, मान हलवली. मला वाटलं, मी पाळत ठेवायला आलेय हे ओळखून माझी टर उडवताहेत. मी तोंड फिरवलं. कोणीही समजलं असतं. तरी ते उठले, नाचणाऱ्या जोड्यांमधून कोणाच्या कोपराला न लागता सरळ माझ्यापुढे आले, आणि हात पुढे केला. अगदी जवळ आल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

मग माझा तोल गेला. मी म्हणाले, आता पोटची मुलगीही सुटत नाही का, निदान आईची तरी लाज ठेवा. नेमकी टेप बदलत होती, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. सातुर्निनो जवळ येऊन हळूच म्हणाला, अन्सेल्मो, काही रविवार घरी आराम कर, मीच बोलावीन तुला. त्यावर पापा हो म्हणाले, इतकंच.

शुक्रवारच्या बसने त्यांना पाठवतेय. तिकीट काढायला गेलो तेव्हा सुटायच्या बसवरची पाटी मला वाचायला लावली. ज्याने जन्मभर बस हाकली त्याने! रुसलेत, रुसू देत. तूही आता थोडं वडील सांभाळून बघ.

लोभ करावा असं या वेळी मलाच स्वतःला सांगावं लागतंय.

एल्सिरा


नेउकेन
९ मे १९९३

चि. एल्सिरा हिस अनेक आशीर्वाद.

ओळी एकमेकींवर चढल्या तर वाऱ्याला दोष दे, इथे तो घरातही शिरतो. मी बरा आहे. डेल्या आपला माते चहा चांगला करते, फक्त साखर घालते, ते मी बोललो नाही. नातींना दोन पावलं शिकवली. धाकटीला ताल आहे, थोरली बापावर गेली आहे.

तुझ्यावर राग नाही. लोक म्हणतात तसा मी झालो नाही, एवढं धर आणि पुढचं विचारू नकोस. बागेत सातुर्निनो अजून खुर्च्या फुलवाल्याच्या बाजूलाच मांडतो का, ते बघून कळव. पूर्वी झाडाकडे मांडायचा ते बरं होतं. आमच्या सगळ्यांच्या जागा ठरलेल्या होत्या.

तो निळा कोट पेटीत घालून ठेव. तो घालून पुन्हा चौथऱ्यावर येऊ नकोस.

मी आहे तोवर माझे आशीर्वाद, नंतर तुझ्या आईचे आहेतच.

पापा


नेउकेन
१४ जून १९९३

ती. एल्सिरा हिस सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. पापांना दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण मधलं दिसत नाही. डेल्याच्या लक्षात आलं, ते धाकटीला थोरलीच्या नावाने हाक मारत होते आणि ती बोलली की चूक सुधारत होते. डॉक्टरकडे नेलं. त्याने सांगितलं, दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, त्यामुळे चालतात, दार चुकत नाही, माणसाला धक्का लागत नाही. पण समोर ज्याच्याकडे बघतील त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. वर्षापूर्वी आणलं असतं तर डावा डोळा थोडाफार राखता आला असता म्हणे. आता नाही.

पापांना हे आईच्या आजारपणापासून ठाऊक होतं. म्हणाले, तेव्हा घरात एक आजारी पुरे होती. चौथऱ्यावर कोण कुठे बसतं हे पाठ होतं, त्या अंदाजाने मान हलवायची आणि तिने हलवली असेल असं धरून उठायचं. बायका ओळखीच्या, त्यामुळे चालून गेलं. उन्हाळ्यात सातुर्निनोने खुर्च्या दुसऱ्या बाजूला मांडल्या आणि सगळं गणित चुकलं. त्या दिवशी त्यांना फक्त निळा कोट दिसला.

एक विचारतो, राग मानू नकोस. तू त्यांच्यापासून चार गल्ल्यांवर राहतेस. रोज जेवण नेतेस. तुला काहीच कसं कळलं नाही?

लोभ राहावा.

ओरास्यो


ब्वेनोस आयरेस
२२ जून १९९३

ओरास्यो,

राग मानला. म्हातारचळ हा शब्द कोणाच्या पत्रात आला ते काढून बघ. कडक बोल असं कोणी लिहिलं तेही बघ. आईच्या आजारात तू एकदा आलास आणि हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधल्या कॉफीला नावं ठेवून गेलास. जवळ राहणाऱ्याने सगळं बघायचं आणि लांब राहणाऱ्याने सगळं ओळखायचं, अशी आपल्यात वाटणी झाली आहे. मला कळलं नाही, खरं आहे. ज्या चौथऱ्यावर त्यांनी आईला नाचवलं, तिथे मी त्यांना चारचौघांत काय बोलले ते मला रोज ऐकू येतं. त्यासाठी तुझ्या पत्राची गरज नव्हती.

थंडी ओसरली की त्यांना परत पाठव.

एल्सिरा


ब्वेनोस आयरेस
४ ऑक्टोबर १९९३

चि. ओरास्यो, अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र मी रागात लिहिलं, ते तसंच ठेव, पण हे त्याच्यावर ठेव. पापा पोचले. दुसऱ्याच दिवशी नाचाचे बूट बाहेर काढून बसले. म्हणाले, मला तिथे एकदा धड उठून धड परत बसायचं आहे, निघालो तसा शेवट मला नको. आणि आईची शपथ घालून सांगितलं, की डोळ्यांचं तिथे कोणालाही कळता कामा नये. कळलं तर बायका कीव करून नाचतील. कीव करून नाचणारी बाई अंगावर ओल्या कोटासारखी पडते, असं म्हणाले.

मग आम्ही एक युक्ती काढली. मी त्यांच्या शेजारी बसते, वडिलांना घेऊन आलेली मुलगी म्हणून; मी सोबत असते म्हणून सातुर्निनोनेही येऊ दिलं. कोण कुठे बसलंय ते पुटपुटते. ते मान हलवतात. बाईने मान दिली तर मी त्यांचं कोपर दाबते, नाही दिली तर गप्प बसते, आणि ते जागचे हलत नाहीत. पहिल्या रविवारी कोणीच मान दिली नाही. झालेलं लोक विसरले नव्हते. पापा दुपारभर बसून राहिले आणि घरी येताना म्हणाले, छान झालं, आज मी कोणापुढे उभा राहिलो नाही. काल मात्र करड्या केसांच्या एका बाईने मान दिली. मी कोपर दाबलं. ओरास्यो, ते कसे उठले ते तू बघायला हवं होतंस. ती मला नंतर म्हणाली, तुमचे वडील अजून काय सुरेख नाचवतात.

मला अगदी हलकं वाटलं, खूप दिवसांनी. तूही कोणाला बोलू नकोस. लोभ होता तसा पुन्हा सुरू करू या.

तुझी,
एल्सिरा


नेउकेन
१६ ऑक्टोबर १९९३

ती. एल्सिरा हिस सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार बरं वाटलं. डेल्या रडली. पण कोपर दाबायचा हा खेळ किती दिवस चालणार? एखाद्या रविवारी तुझा गुडघा धरला तर? पुन्हा पहिल्या रविवारसारखं झालं तर? शपथबिपथ म्हाताऱ्या माणसाचा अभिमान असतो, तो मुलांनी फार मनावर घ्यायचा नसतो. मी सातुर्निनोला सविस्तर पत्र टाकलं आहे. डॉक्टर काय म्हणाला तेही लिहिलं. सगळ्यांना समजावून सांग, पापांना एकटं बसू देऊ नका, अशी विनंती केली. त्याचं लगेच उत्तर आलं, माणूस सोन्यासारखा आहे. म्हणतो, आम्हाला ठाऊकच नव्हतं, सगळ्यांना फार वाईट वाटलं, आता अन्सेल्मोची काळजी आमच्यावर.

तेव्हा तुझ्या डोक्याचा भार मी थोडा उतरवला असं समज. आभार मानू नकोस. लांब राहूनही लोभ करता येतो, एवढं मात्र मान.

तुझा,
ओरास्यो


ब्वेनोस आयरेस
८ नोव्हेंबर १९९३

ओरास्यो,

तुझं पत्र टपालाच्या संपामुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर हातात पडलं. त्यामुळे काय चाललंय हे तिथे बसल्यावर मला पापांच्या आधी कळलं, आणि तेही क्षणभरच आधी.

आम्ही बसलो. मी पुटपुटायच्या आतच बेबा उठून आमच्या खुर्चीपाशी आली आणि बहिऱ्याशी बोलावं तशी मोठ्याने म्हणाली, चल रे अन्सेल्मो, मी बेबा, हात दे इकडे. पापा जागच्या जागी ताठ झाले. बाई पुरुषाच्या खुर्चीपाशी येत नाही, हे त्या चौथऱ्यावरच्या कबुतरांनासुद्धा माहीत आहे. तरी ते उठले, कारण समोर उभ्या बाईला नाही म्हणायचं नसतं. बेबाने त्यांना रस्ता ओलांडून द्यावा तसं गोल फिरवलं. नाच संपल्यावर पुरुषाने बाईला जागेवर पोचवायचं असतं, तिनेच त्यांना खुर्चीपर्यंत आणून खांद्याला धरून बसवलं. लगेच दुसरी आली, मग करड्या केसांची ती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सातुर्निनोने टेप थांबवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे फार चांगले वागले. इतकी चांगली वागलेली माणसं मी कधी पाहिली नव्हती आणि पुन्हा पाहू नयेत.

पापांनी हसून सगळ्यांचे आभार मानले. बागेच्या दरवाज्यापर्यंत माझा हात धरला होता, तिथे सोडला. मग विचारलं, आईची शपथ तुला किती दिवस पुरली? मी काही बोलले नाही. तुझं पत्र दोन दिवसांनी आलं, तेव्हाही बोलले नाही. एका लेकराने दगा दिला, हे ते सोसतील. दुसरं उरलं आहे असं त्यांना वाटत असेल तर वाटू दे.

त्यानंतर ते गेले नाहीत. बूट कागदात गुंडाळून वर ठेवलेत. मी जेवण नेते, ते खातात, आभार मानतात. काल रेडिओवर आईचा आवडता टँगो लागला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांना मान हलवली. ते माझ्याच बाजूला तोंड करून बसले होते.

तुझी पत्रं मला त्यांना वाचून दाखवावी लागतात, तेव्हा यापुढे हवापाणी आणि मुलींचंच लिही. ते रोज विचारतात, ओरास्योचं काही आलं का? परवा बेबाला सांगत होते, की मुलाने एवढ्या लांबून मला डॉक्टरकडे नेलं आणि पोटात ठेवलं, मुलीने गावभर केलं. मी तिथेच भाजी चिरत होते. बेबाने माझ्याकडे पाहिलं, मी तिला मान हलवून नको म्हटलं.

पापांचा लोभ तुझ्यावर आहे, तो आहे तसा राहू दे. माझ्या लोभाचं विचारू नकोस.

एल्सिरा