रेडिओवरचा तांडेल

तारकर्ली,
२० ऑगस्ट १९६२

चि. लवूस आनंदीआक्काचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या रेडिओमालिकेचा शेवटचा भाग काल ऐकला आणि शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

गुरुदासाच्या दुकानात रेडिओपुढे अर्धी वाडी जमली होती, आई सगळ्यांच्या पुढे. समुद्रात हरवलेला तुमचा तो तांडेल सुखरूप यावा म्हणून तिने नारळी पुनवेला दर्यात वेगळा नारळ सोडला होता. बाया हसल्या. नाटकातल्या माणसासाठी नारळ! मला मात्र कळत होतं. तो आला तर आपले बाबाही येतील, अशी तिने मनाशी गाठ बांधली होती.

आणि त्या तांडेलाची बायको रोज पेज झाकून ठेवते, उपाशी येतले म्हणते! अरे, हे आपल्या चुलीपुढचं बोलणं. बाबांची होडी गेल्यापासून चार वर्षं आई हेच करते. घरातलं चव्हाट्यावर मांडलंस ते मांडलंस, वर शेवटी मुलाचं काम करणारा तूच त्या बाईला सांगतोस की बाबा बुडाले, आता कुंकू पूस.

आई उठून घरी गेली. मी घरी येऊन पाहते तर तिचं कपाळ मोकळं. मी ओरडले, अगो, नाटक ता! तर म्हणाली, बाकीचे खोटा बोलतीत, पण लवू माका खोटा सांगूचो नाय.



तुझी आक्का

मुंबई,
२५ ऑगस्ट १९६२

ती. आक्कास लवूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून खजील झालो. पण ते लिहिणारा मी नव्हे. तालमीत एकदा आईची आठवण निघाली, मी सहज बोललो, लेखकाने उचललं. इकडे लोक ढसाढसा रडले. मलाही शाबासकी मिळाली.

आईला सांग, सगळं लटकं आहे. आणि आनंदाची बातमी म्हणजे, श्रोत्यांची इतकी पत्रं आली की दिवाळीनंतर तांडेलाला जिवंत परत आणायचं ठरलंय. हे ऐकून ती नक्की कुंकू लावेल.

चतुर्थीला येतो. तोवर राग निवू दे, एवढंच मागणं.

तुझा लवू

तारकर्ली,
२९ ऑगस्ट १९६२

चि. लवूस आशीर्वाद.

तुम्हा लोकांची किळस येते. रविवारी माणूस बुडवायचा, लोक रडले की दिवाळीला वर काढायचा! दर्या म्हणजे काय तुमच्या लेखकाच्या परसातली विहीर?

तरी तुझी बातमी आईला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. वाटलं, हात कपाळाकडे जाईल. गेला नाही. म्हणाली, येवंदे तो, तेची बायल वाट बघीत आसात.

आज सकाळी तिने पेज झाकली नाही. पानावर घेऊन मागील दारी गेली आणि कावळ्याला घातली.

चतुर्थीला ये. लोभ आहेच. पण आई तुझ्यापुढे फारसं बोलणार नाही, मीही नाही. या घरात बोललेलं कुठे ऐकू येईल, याचा आता नेम राहिलेला नाही.

आक्का