नवं इंजिन, जुनं इंजिन अन् दहाव्याचा कावळा

प्रिय माय,

आजवरची माझी सगळी पत्रं तुला पोस्टमननं वाचून दाखवली. म्हणून 'मी सुखरूप आहे, तब्येतीला जप' याच्या पुढं मी कधी गेलोच न्हाई. परक्याच्या तोंडून तुला काय काय ऐकवणार? आता मधी कोणी न्हाई. उद्या तुझं तेरावं. परवा मुंबईला जाऊन साहेबांपुढं कागद ठेवायचाय, अन् मी पार कोंडून गेलोय.

तू टेंभुर्णीभर सांगायचीस, माझा भागवत विमानं दुरुस्त करतो. आता ऐक, काय करून राह्यलो ते. आमच्या कंपनीची मालाची विमानं आहेत, नुसती खोकी वाहणारी. त्यांची इंजिनं थकलीत. त्याच जातीची जुनी, दुरुस्त केलेली बसवायची का नवी घ्यायची, हे मला लिहून द्यायचंय. साहेबांना जुनी पाहिजेत. स्वस्त, जल्दी भेटणारी, आमच्या मेकॅनिकांच्या हातातली.

ते अगदीच चुकीचं बोलत न्हाईत. मालाचं विमान दिवसभर उभंच, उडायचं रात्री. एवढं कमी उडणाऱ्याला महागाचं इंजिन कशाला? पण जुन्याचा आवाज भयंकर. परदेशातले विमानतळ असल्यांना आता रात्री उतरू देईनात. मंग ते विमान काय पूजेला ठेवायचं? नवं कमी तेल पितं, गपगुमान उडतं. कसंही मांडलं तरी उत्तर नवंच येतं.

लिहून मोकळा हो, म्हणशील. तिथंच तर गोम आहे! नवं बसवायचं तर पंखाखालची सगळी बैठक बदलावी लागते, अन् ते काम परदेशात. साहेबांनी आधीच बजावलंय, नवं म्हणशील तर तिथं उभं राहून तूच करून घ्यायचं. दोन वर्षं. अन् घरी आबा एकटे. मुंबईहून एका रात्रीत घरी येता येतं, तिथून कसं येणार?

हे मी बसायला आलेल्या पाहुण्यांत बोलून गेलो. भोकरदनचा मामा म्हणाला, जुनंच इंजन बरं, पार्ट कुठंबी भेटतात. तुझ्या भावाला विहिरीवरचं अन् विमानाचं सारखंच! शेजारी काका होते. त्यांनी फक्त 'दोन वर्षं' ऐकलं.

दहाव्याला पिंड ठेवला अन् कावळा शिवेना. ऊन चढलं. शेताचं म्हणून पाह्यलं, माझ्या लग्नाचं म्हणून पाह्यलं. शेवटी काका सगळ्यांपुढं म्हणाले, "भागवत, तिचा जीव कशात अडकलाय ते तुला बराबर माहीत आहे. बापाला सोडून जाणार न्हाई म्हण."

मी म्हणलो. अन् लगेच कावळा शिवला.

खरं सांग, ती तूच होतीस का? जालन्याला शिकायला धाडलंस तेव्हा डोळ्यांत टिपूस आणलं न्हाईस. मंग आत्ताच का धरलंस? जितेपणी नको म्हणली असतीस तर भांडलो असतो. आता कोणाशी भांडू गं? राग येतो तुझा, अन् त्याची लाजही वाटते.

काका म्हणतात, जुनं लिहून दे, कोण बघतंय. साहेब तर खूशच होतील. जुनं लिहिलं तर वचन राहतं अन् कागद खोटा. नवं लिहिलं तर कागद खरा अन् मी परदेशात. बिलकुल फट न्हाई.

आज आबांना विचारलं. "जा तू. माझं काय, होतं," म्हणाले अन् चहा टाकायला उठले. लई वेळ झाला म्हणून आत गेलो, तर फळीवरचे सगळे डबे खाली काढून मधी बसलेले. साखर कशात असते ते त्यांना ठाऊक न्हाई. माय, एकदा तरी दाखवायचंस ना त्यांना!

म्हणून तुला शब्द देतो. कागदावर नवंच लिहीन, सही करीन. खाली लिहीन, मी जाणार न्हाई, दुसरा माणूस पाठवा. साहेब चिडतील, पुन्हा असलं काम देणार न्हाईत. न देवोत. आबांना मुंबईला माझ्या खोलीवर नेतो. फक्त माझा राग लवकर जायचा न्हाई. तो बी आमच्या संगं येईल, तेवढं चालवून घे.

तुझाच,
भागवत