पुसलेली पायरी

तुंगार्ली, लोणावळा
९ डिसेंबर २०२४

चि. प्रतीक्षास आत्याचे आशीर्वाद.

कैलासने इंदुरीहून पाठवलेला तांदूळ पोचला. खडे फार आहेत, बापाला सांग.

रविवारी तू लॅपटॉपवर आलेख दाखवलास, त्याचा राग अजून उतरलेला नाही. तुझ्या स्फटिकातला एकेक रेणू म्हणजे चिमुकला चुंबक. उलटा व्हायला त्याला ऊर्जेची मधली टेकडी ओलांडावी लागते, आणि दोन केल्विनच्या थंडीत तेवढी ताकद त्याच्यात नसते. तरी दोन्हीकडच्या पातळ्या जुळल्या की तो टेकडीतून आरपार जातो आणि आलेखावर पायरी उमटते. खंडाळ्याच्या बोगद्यासारखं, असं कुणी म्हटलं की मला चीड येते. बोगदा माणसांनी खणला, इथे कुणीच खणत नाही.

तुझ्या पायऱ्या सारख्या अंतरावर आहेत. मधे उमटलेली एक जादा पायरी मात्र गणितात बसत नव्हती. ती तू काढून टाकलीस.

"आत्या, तो नुसता नॉइज आहे. सर म्हणाले, काढ."

"किती वेळा मोजलंस?"

"तीनदा."

"तिन्ही वेळा तिथेच?"

तू पाणी प्यायला उठलीस. वर कैलास म्हणतो, "ताई, पोरीची पीएचडी होऊ दे की. एक पायरी न्हाई दिसली तर कुणाचं काय वाकडं झालं?" त्याला माफ आहे. तुला नाही. शेजारच्या रेणूंची ओढ असेल, स्फटिकच बिघडलेला असेल. काय ते शोधायचं, पुसायचं नाही.

१९८४ साली एम.एस्सी.ला मी तांब्याच्या एका क्षारावर काम केलं. थंड करायला लागणारं हिलियम एकदाच मिळालं, म्हणून मोजणीही एकदाच. चार केल्विनच्या जरा वर माझ्या रेषेला बाक आला. तो माझ्या सरांनी पुसायला लावला, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. सहा वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी तोच बाक छापला. त्या तापमानाला सगळे चुंबक शिस्तीत रांगेत बसत होते.

सरांनी तो कागद पाहिलाच नव्हता. तोंडी परीक्षेत विचारलं तर उत्तर येणार नाही, म्हणून रबर मीच घेतलं.

म्हणून विचारते, तुझ्या सरांनी तिन्ही मोजमापं पाहिली आहेत का? नसतील, तर शुक्रवारी प्रबंध देण्याआधी त्यांच्यापुढे ठेव. तारीख पुढे जाईल, बोलणी बसतील. बसू देत.

माझे सर मार्चमध्ये वारले. मी भेटायला गेले नव्हते.

चाळीस वर्षं त्यांच्या नावाने खोटं सांगणारी,
तुझी अनिता आत्या