वाळूच्या बादलीतल्या बॅटऱ्या

वैष्णवी,

तू सकुकाकीकडे भाकऱ्या घेऊन गेलीस. तू येईपर्यंत थांबलो तर माझं निघणं व्हायचं नाय. मुरबाडला पोलिसांकडे चाललोय.

माझ्या रिमोटवरच्या विमानाच्या उरलेल्या बॅटऱ्या वाळूच्या बादलीत ठेवल्यात. त्यांना हात लावू नको, चार्जिंगला तर अजिबात नको. मोटर, पंख, फोम कापायची तार सगळं गोणीत भरलंय. आबांची पेज झाकून ठेवलीय. चूल विझवलीय, दोनदा पाणी मारून बघितलं.

परवा दुपारी माझं विमान कोंडूकाकाच्या गोठ्याला लागून असलेल्या पेंढ्यावर पडलं. पंख मिळाले, बॅटरी नाय मिळाली. आपटलेली बॅटरी तासाभरानेही पेटते, हे मला माहीत होतं. पण ऊन होतं, भूक लागली होती, मी घरी आलो. संध्याकाळी गोठा जळाला, दोन्ही बैल गेले आणि आळ कोंडूकाकाच्या गड्यावर, बारकूवर आला. म्हणे त्यानेच विडी टाकली. लोकांनी त्याला मारलं तेव्हा मी तिथंच उभा होतो. आता तो कोठडीत आहे.

मी दुपारभर घरी झोपलो होतो, असं तू सगळ्यांना सांगितलंस. तू शेतावर होतीस, तुला तसंच वाटलं असेल, म्हणून मी गप्प बसलो.

मघाशी पेजेसाठी तांदूळ काढताना डब्याच्या तळाशी तुझ्या ओढणीत बांधलेली जळकी बॅटरी हाताला लागली.

ती सोबत नेतोय. राखेतून मीच उचलली, असं सांगणार आहे. कोणी विचारलं तर तू पण तेच सांग.

शेखर